घारीच्या चित्रातली रेघ

मुलांनो, एका डोंगरउतारावरच्या जंगलात एक घार होती. आभाळातून जंगल जसे दिसे तसेच ती कपारीतल्या सपाट कातळावर रंगवी. ओढ्याला पांढरी माती, कुरणाला पाल्याचा रस, सावल्यांना कोळसा. आपले रान वरून कसे दिसते ते पाहायला सारे प्राणी जमत. त्यांनी केलेले कौतुक घारीला फार आवडे.

पावसाळा सरत आला तेव्हा तिला उंचावरून डोंगरमाथ्याजवळ एक बारीक काळी रेघ दिसली. तिने ती चित्रात काढली. कोल्ह्याने नाक मुरडले. "ही रेघ ओंगळ दिसते. पुसून टाक, म्हणजे चित्र देखणे होईल," तो म्हणाला. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. घारीने रेघ पुसली खरी, पण तिच्या मनाला ते खुपत राहिले.

दुसऱ्या दिवशी डोंगरावरची रेघ लांबली होती. तिसऱ्या दिवशी तिने अर्ध्या माथ्याला विळखा घातला. खाली कोणाला काहीच कळत नव्हते, हरणे निवांत चरत होती. पण रानातले किडे एकाएकी गप्प झाले होते, झऱ्याला लाल पाणी येत होते आणि वारा नसताना उतारावरची झाडे एकाच बाजूला कलली होती. ती रेघ म्हणजे डोंगराला पडलेली भेग आहे, हे घारीने ओळखले. ती तशीच कपारीत उतरली आणि तिने कोळशाने चित्रभर जाड रेघ ओढली. प्राणी चिडले. घारीने चांगल्या चित्राची माती केली, असे कोल्हा ज्याला त्याला सांगू लागला.

अंगभर काटे असलेली एक म्हातारी साळू तेवढी पुढे आली. "यात माझे बीळ कुठे आहे?" तिने विचारले.

"रेघेच्या खाली," घार म्हणाली. "तुम्हा सगळ्यांचीच घरे रेघेच्या खाली आहेत."

साळू लगेच पिलांना घेऊन समोरच्या टेकडीकडे निघाली. तिला जाताना पाहून हरणे हलली, मग ससेही निघाले. कोल्हा मात्र हसत कपारीतच बसून राहिला. भर दुपारी, लख्ख ऊन पडलेले असताना, सगळा उतार आधी आवाज न करता सरकला आणि मग गडगडत खाली आला.

धुरळा बसला तेव्हा कपार नव्हती, कुरण नव्हते, कोल्हाही नव्हता. घारीला कोणी बोल लावला नाही. पण पहिल्या दिवशी आपण ती रेघ पुसली नसती, तर कोल्ह्याला पटवायला आणखी दोन दिवस मिळाले असते, हे तिच्या मनातून कधी गेले नाही.

तात्पर्य : चार जणांना आवडावे म्हणून, आपल्या डोळ्यांनी पाहिलेले खरे कधी पुसू नये.