ठमाईची मडकी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका, माझ्या पणजीलाही ते ठाऊक नव्हतं. तांबडमाळ गावच्या कुंभारआळीत ठमाई नावाची कुंभारीण राहायची. नवरा लवकर गेलेला, पोटी लेकरू नाही, आणि जीभ अशी तिखट की गावचा पाटीलसुद्धा तिच्या दारावरून जाताना खाली मान घालून जायचा.

पण तिच्या परसात चैत्र लागला की भिंगऱ्या यायच्या. निळसर काळी पाठ, दुभंगलेली शेपटी, दिवसभर हवेत भिरभिरणारी ती पाखरं. त्यांच्यासाठी ठमाईने उंच मेढींवर बांबू बांधून चाळीस मडकी आडवी टांगली होती. शेतावरची चिलटं, किडे भिंगऱ्या हवेतच मटकावत, म्हणून गावाची पिकं राखली जायची. ठमाई मात्र त्यांना माहेरवाशिणी म्हणायची. असं म्हणतात, ती एकेकीला नावाने हाक मारायची आणि ती बरोबर तिच्या खांद्यावर येऊन बसायची.

माहेरवाशिणी यायच्या म्हणजे तयारी नको? फाल्गुनात ती मडकी उतरवायची, जुनी घरटी खरवडायची, कडुलिंबाच्या पाल्याची धुरी द्यायची, फुटकी काढून नवी भाजायची. मग प्रत्येक मडक्याच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबायची. नाहीतर आयत्या घरात साळुंक्या घुसायच्या ना! पहिली भिंगरी दिसली की शिडी लावून सगळे बोळे काढायचे, आणि ते फक्त ठमाईने. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

शेजारी पुतळा राहायची, ठमाईहून वयाने बरीच लहान. एका वर्षी तिला वाटलं, आक्का दमली असेल, आपणच काढू. आणि काढले की चार दिवस आधी! साळुंक्यांनी निम्मी मडकी बळकावली. ठमाईने तिला साऱ्या आळीसमोर असं फैलावर घेतलं की पुतळा पदरात तोंड घालून घरात पळाली. वर्षभर दोघींचं बोलणं नव्हतं.

पुढच्या फाल्गुनात लांबच्या गावाहून निरोप आला, ठमाईचा भाऊ अंथरुणाला खिळलाय. मडकी तयार होती, बोळे घातलेले होते. ठमाईने गाठोडं उचललं. पुतळाने कुंपणावरून विचारलं, "आक्का, तुला यायला उशीर झाला तर बोळे काढू का?"

"तू हात लावू नकोस," ठमाई म्हणाली. "एकदा केलास तेवढा शहाणपणा पुरे. पाडव्याच्या आत येते मी."

"बरं बाई, नाही लावत," पुतळा म्हणाली, आणि तिच्या मनात ते बोलणं काट्यासारखं रुतून बसलं.

भावाचा जीव लवकर जाईना. ठमाई अडकली. पाडव्याला भिंगऱ्या आल्या.

त्या मडक्यांभोवती घिरट्या घालू लागल्या. चोचींनी बोळ्यांच्या चिंध्या ओढू लागल्या. दुसऱ्या दिवशी पुतळाने शिडी लावली. चढली, बोळ्याला हात घातला. पाखरांचे पंख तिच्या केसांना लागत होते. तेवढ्यात तिला ते साऱ्या आळीसमोरचं बोलणं आठवलं. 'तिचं ती बघेल,' असं म्हणून ती खाली उतरली. खोटं कशाला सांगू, भीती होती तसा रुसवाही होता. तिसऱ्या दिवशी सगळ्या भिंगऱ्या एकदम ओरडल्या, आणि असं म्हणतात, परसावरचं आभाळ भर दुपारी काळं झालं. मग त्या उडाल्या, त्या गेल्याच.

चौथ्या दिवशी ठमाई आली. मडक्यांखाली चिंध्यांचे धागे आणि पिसं पडली होती. पुतळा कुंपणाशी उभी होती. आता ही आपली सालटी काढणार! ठमाईने एक पीस उचललं, पदराला पुसलं आणि म्हणाली, "मीच सांगून गेले होते ना गं तुला."

तिने शिव्या दिल्या असत्या तर पुतळाला बरं वाटलं असतं.

त्या साली किड्यांनी पिकं खाल्ली. पुढे सात वर्षं ठमाई मडकी सजवायची, पाडव्याला बोळे काढायची आणि परसात वर बघत बसायची. भिंगऱ्या गावावरून उंच जायच्या, खाली उतरायच्या नाहीत. तिची ती तिखट जीभ मुकीच झाली. पुतळा रोज तिला भाकरी नेऊन द्यायची, पण माफी मागायला तिचं तोंड काही उघडलं नाही.

आठव्या वर्षी ऐन फाल्गुनाच्या शेवटी ठमाई गेली. मडकी टांगलेली होती, बोळे तसेच होते. पाडवा आला तेव्हा लोक म्हणाले, "तेरावा व्हायचाय, तिच्या वस्तूला हात लावू नका." पुतळाने कुणाचं ऐकलं नाही की कुणाला विचारलं नाही. शिडी लावली आणि रडत रडत चाळीसही बोळे उपसले.

असं म्हणतात, शेवटचा बोळा निघाला आणि भिंगऱ्या आल्या. इतक्या आल्या की मडकी पुरेनात, साऱ्या आळीच्या वळचणी भरल्या. लोक आनंदाने ओरडत होते. पुतळा मात्र शिडीवर बसून हुंदके देत होती. "आक्का, हे आठ वर्षांपूर्वी करायचं होतं गं मी."

आजही तांबडमाळात घराघराच्या परसात मडकं असतं. फाल्गुनात त्याला धुरी देतात, बोळा घालतात. पण आपल्या मडक्याचा बोळा कुणी स्वतः काढत नाही. पाडव्याच्या सकाळी शेजारीण येते आणि काढते. बोलणं बंद असलं तरी येते, उलट जिच्याशी बोलणं बंद तिच्याकडे आधी जाते. घरातलं कुणी तिला ये म्हणत नाही की नको म्हणत नाही. ती शिडी लावते, बोळा उपसते आणि वर बघून एवढंच म्हणते, "ठमाई, विचारत बसले नाही गं."