सुभानाचा उजवा पाय

तुमच्या पणज्याला मिसरूड फुटायचं होतं, तेव्हाची ही गोष्ट. करंजओढे गावात सुभाना शेलार नावाचा गडी होता. फुटबॉल खेळायचा, तोही अनवाणी. त्याचा उजवा पाय लागला की चेंडू घारीसारखा वर चढायचा आणि सुभानाच्या मनात येईल तेव्हाच खाली उतरायचा, असं म्हणतात.

मुंबईच्या एका गिरणीनं त्याला आपल्या संघात घेतलं आणि खेळायचा पगार सुरू केला. आमच्या मुलखात खेळाचा पगार खाणारा हाच पहिला. गाव फिदीफिदी हसलं. सगळ्यांत मोठ्यानं हसली शेजारची तान्हूआत्ती. नवरा नव्हता, पदरी दोन पोरं, आणि जिभेला धार.

"मेल्या, लाथा तर आमची म्हैस बी मारती. तिला कधी लावतोस गिरणीत?"

"न्हेली असती आत्ती, पण तुझी म्हैस आपल्याच गड्यांना हाणंल!"

मग मोठी लढाई पेटली. सुभानानं पगारावर पाणी सोडलं आणि पलटणीत नाव घातलं. तो लामावर, म्हणजे लढाईवर, निघाला म्हणून गावची पोरं निघाली. तान्हूआत्तीची दोघंही. ती वेशीत आडवी उभी राहिली. आता हसत नव्हती.

"तुझ्या पायामागं चाललीत ही. त्याच पायानं माघारी आण. न्हाईतर मला तोंड दावू नगंस."

"आणतो," सुभाना म्हणाला. एवढंच. पण तो शब्द त्याच्या तळव्यात बाभळीच्या काट्यासारखा मोडून राहिला. चाललं की सलायचा.

पलटण बोटीनं इराकात उतरली. तिथं बसरा शहराच्याही वर एक नदी होती. तिला पूर आला आणि होड्या जोडून केलेला पूल वाहून गेला. सुभाना अलीकडे, गावची पोरं पलीकडे, आणि पोरांच्या पाठीवर शत्रू. दोर होता, पण न्यायचा कसा? पाण्यात उतरला तो माणूस पुन्हा दिसेना.

सुभानानं पडशीतून आपला चेंडू काढला. हवा भरली, चेंडूला सुतळी बांधली, सुतळीला दोर. आणि हाणला. चेंडू मधेच पाण्यात पडला. त्यानं तो सुतळीनं ओढून घेतला, खाली बसला आणि बूट सोडू लागला.

"बूट काढायचा हुकूम नाही!" सुभेदार गरजला.

"सायेब, ह्या बुटाला चेंडूची वळख न्हाई. पायाला हाय."

तापल्या वाळूत तो अनवाणी धावला आणि लाथ घातली. नदीनं अंग चोरून वाट दिली, असं म्हणतात. चेंडू पार पोरांच्या पुढ्यात.

पोरांनी दोर ओढून पलीकडच्या खडकाला आवळला. अलीकडे मात्र ना झाड, ना खुंट. सुभानानं काठच्या चिखलात उजवा पाय गुडघ्यापर्यंत रोवला आणि दोराचे वेढे त्यालाच घेतले. मागून जवानांनी दोर धरला, पण सगळा ताण त्या पायावर. एकेक पोर दोराला लोंबकळत आलं. दोर मांसात उतरला. मग मांडीत गोळी शिरली. पाय हलला नाही. त्या पायाला मुळं फुटली होती, असं म्हणतात. शेवटचं पोर काठाला लागलं, तेव्हा कुठं सुभाना आडवा झाला.

पाय तिथंच राहिला.

माघारी येताना पोरं पुढं होती आणि कुबडीवर सुभाना मागं. तान्हूआत्तीसमोर त्यानं मान खाली घातली.

"आत्ती, पोरं आणली. पर त्या पायानं न्हाई आलो. शबूद मोडला."

आत्तीनं रांगेतल्या पोरांच्या धुळकट पायांकडे पाहिलं.

"डोळं फुटलं का तुझं? एवढं पाय आणलंस, आन एकासाठी रडतोस? बस खाली, भाकरी खा."

पण भाकरीआधी तिनं तांब्या आणला आणि त्याचा उरलेला पाय धुतला. वयानं मोठी बाई, सगळ्या गावादेखत.

आजही करंजओढ्याचं पोर पलटणीत निघालं की वेशीत बूट काढतं. आई त्याचा उजवा पाय धुते आणि म्हणते, "सुभानाचा शब्द हाय, माघारी ये." मग पोर सुतळी बांधलेला चेंडू ओढ्यापार मारतं. सुतळीचं अलीकडचं टोक आईच्या हातात असतं. पोर घरी येईपर्यंत ती ते दाराच्या कडीला बांधून ठेवते. सोडत नाही.