तांब्याभर बिनदगडाचं पाणी

“धुराजी, तू मला दगड पाजतोस?”

राजे भुजंगरावांनी पाणी तापवायचा हंडा म्हाताऱ्या पखाल्यापुढे आदळला. आत पांढरं, खरखरीत पुट चढलं होतं. गढीखालच्या विहिरीचं पाणी कातड्याच्या पखालीत भरून, ती पाठीवर घेऊन गढी चढायची, हे धुराजीचं वीस वर्षांचं काम. त्यानं पुट नखानं खरवडून पाहिलं.

“असेल सरकार. तरीच पखाल जड लागते! मला वाटायचं, मीच म्हातारा झालो.”

“थट्टा पुरे! परवा सकाळी असं पाणी आण, ज्यात दगड नाही, माती नाही, क्षार नाही. नाही आणलंस, तर ती विहीरच बुजवून टाकीन!”

धुराजीनं पखाल उचलली आणि घरची वाट धरली. विहीर बुजली की अख्खं गाव ओढ्यातल्या गढूळ डबक्यावर!

घरी येऊन तो चुलीपुढे डोकं धरून बसला.

“विचार करताय होय?” बायको ठकूनं विचारलं.

“करून बघतोय. सवय नाही ना!”

ठकूनं आधणावरचं झाकण उचललं, आणि त्याच्या खालचा गरम थेंब नेमका धुराजीच्या टकलावर पडला. तो ताडकन उठला.

“वीस वर्षं पाणी वाहिलं ठके, पण त्यानं मला अक्कल आज दिली. तीही टपली मारून!”

दीड दिवस दोघांनी झाकणाखालची वाफ थेंब थेंब टिपली. कसंबसं तांब्याभर पाणी जमलं.

ठरल्या सकाळी गढीवर राजांनी त्यातला एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “शी! किती फिक्कं! याची चव कुठे गेली?”

“दगडाबरोबर गेली, सरकार. आपणच हाकललंत त्याला!”

राजे गोरेमोरे झाले. “अरे, पण म्हणून काय मी दगड प्यायचा?”

“चिमूटभर, सरकार. जास्त झाला की पाणी मचूळ, मुळीच नसला की हे असं. आपल्या विहिरीत जमिनीनं अगदी बेतानं घातलाय. आणि हाडं कशाची करायची? लोण्याची? तो दगड हाडांत जातो. माझा थोडा वाट चुकून डोक्यात गेला, एवढंच!”

राजे पोट धरधरून हसले. विहिरीचं पाणी मागवून घटाघटा प्यायले.

“विहीर राहिली! आणि आजपासून पखाल तुझ्या पाठीवर नको. तुला रेडा बक्षीस, गळ्यातल्या घंटेसकट!”

धुराजीनं लवून मुजरा केला. “घंटा मात्र त्याच्याच गळ्यात बांधा, सरकार. दोघांतला रेडा कोणता, ते लोकांना कळायला हवं!”