रानाने दिलेली ओ

राजाचा निरोप माणसाच्या पायांनी गावोगाव जायचा, त्या जुन्या काळची ही गोष्ट. एका गावात एक जासूद राहत असे. निरोप पोचवणे हे त्याचे काम, आणि चाल अशी की भलेभले धापा टाकत मागे राहायचे. स्वारीला त्याचा गर्वही भारी होता.

त्याला सात वर्षांची एकुलती एक मुलगी होती. कित्येक दिवस तिचा एकच हट्ट चालला होता, "बाबा, मला धबधबा दाखवा ना!" धबधबा काही लांब नव्हता. रानातली वाट लहान मुलांनाही झेपेल इतकी सोपी होती. एके सकाळी भाकरी बांधून घेऊन बापलेक निघाले.

रानाच्या तोंडाशी एक म्हातारी शिंदीचे झाडू बांधत बसली होती. ती म्हणाली, "लेकरा, ह्या वाटेनं ल्हानग्याला पुढं घालायचं अन् थोरानं मागं ऱ्हायाचं. आमची रीतच हाय तशी. हे रान हाकेला ओ देतं."

जासूद हसला. "मावशी, माझ्यापुढं आजवर कोणी चाललं नाही. आणि ऊन ढळलं की पाण्यातलं इंद्रधनुष्य जातं. उशीर करून कसं चालेल?"

तो झपाझप पुढे झाला. अधूनमधून मान न वळवताच विचारी, "येतेस ना गं?"

मागून उत्तर येई, "येतेय, बाबा."

चढ लागला. पाखरे कधी गप्प झाली ते त्याला कळलेही नाही. त्याने पुन्हा विचारले. पुन्हा तोच आवाज, तोच सूर. एवढ्या चढावरही पोरीला धाप लागली नव्हती, आणि बापाला त्याचे कौतुकच वाटले!

धबधब्यापाशी पोचल्यावर तो वळला. "बघ, आलो आपण!"

मागे कोणीच नव्हते.

आणि त्या रिकाम्या वाटेवरून आवाज आला, "येतेय, बाबा."

तो वेड्यासारखा हाका मारू लागला. डावीकडून, उजवीकडून, पाण्याच्या आतूनही ओ आली. जितक्या हाका, तितक्या मुली. शेवटी त्याने स्वतःच्याच तोंडावर हात दाबला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो हळू चालू लागला, जमीन निरखत.

अर्ध्या वाटेवर इवली पावले पायवाट सोडून झुडपांत शिरली होती. तो मागोमाग गेला. मुलगी दरीच्या काठावर उभी होती.

खालून, दरीतून, त्याचाच आवाज मायेने म्हणत होता, "ये गं, दोनच पावलं."

त्याने झेप घेऊन तिला मागे ओढले आणि छातीशी धरून तो ढसाढसा रडला.

"पायात काटा मोडला होता," मुलगी गोंधळून म्हणाली. "मी 'थांबा' म्हटलं, तर तुम्हीच म्हणालात ना, थांबलोय, इकडे ये?"

इंद्रधनुष्य राहिलेच. परतताना मुलगी लंगडत पुढे आणि बाप तिच्या वेणीवरची नजर न काढता मागे. त्याच्या पाठीशी रान संपेपर्यंत कोणीतरी म्हणत होते, "येतेय, बाबा." त्याने एकदाही उत्तर दिले नाही.

म्हातारीने पुढे कोण चालतेय तेवढे पाहिले आणि ती पुन्हा झाडू बांधू लागली. त्यानंतर मुलीबरोबर असताना जासूद बाजाराच्या सरळ वाटेवरही कधी पुढे चालला नाही.

तात्पर्य: सोबतच्या माणसाची खबर हाकेने घेऊ नये, डोळ्यांनी घ्यावी.