जाखाईचा नारळ

“चाळीस वर्षं ट्रक चालवला, गाडीला साधा ओरखडा नाही. अशा माणसाची चावी सुनेनं काढून घ्यावी... हा न्याय झाला का, उस्ताद?”

कासम उस्ताद खिंडीच्या माथ्यावर, चिंचेखाली बाजेवर बसले होते. वय नव्वदीला टेकलेलं, डोळे काचबिंदूनं कधीच गेलेले. या घाटातले निम्मे ड्रायव्हर त्यांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी सरकून बाजेवर जागा केली.

रंगनाथ भोईटे काही बसले नाहीत. वय झालं शहात्तर, पण उस्तादांपुढं ते अजून क्लीनरसारखे उभेच राहायचे.

मग भडाभडा सगळं बाहेर आलं. रविवारी नात ईश्वरी परीक्षेला साताऱ्याला जायची होती आणि तिला आपणच नेणार, असा त्यांचा हट्ट. सून म्हणाली, मामंजी, पोरीला तुमच्या गाडीत बसवणार नाही. एवढ्यावर न थांबता तिनं चावीही लपवली. पण रंगनाथरावही जुनं खोड. डाळीच्या डब्यातली दुसरी चावी काढून, कुणाला न सांगता ते घाट चढून आले होते. उस्तादांनी रंगनाथरावांच्या मुलाला एक फोन करावा, एवढंच मागणं. त्यांचा शब्द मुलगा खाली पडू देणार नाही.

“मला सगळं स्वच्छ दिसतं, उस्ताद.”

“नशीबवान आहेस,” आंधळे उस्ताद म्हणाले. “मला गाडीपाशी ने.”

रंगनाथरावांनी त्यांना हाताला धरून नेलं.

“हात गार पडलाय रे तुझा.”

“वाऱ्यानं असेल...”

वारा नव्हता. येताना घाटात एके ठिकाणी मागच्या टेम्पोवाल्यानं लांबलचक हॉर्न दिला होता. का दिला, ते रंगनाथरावांना कळलं नव्हतं. तेव्हापासून छातीत काहीतरी रुतून बसलं होतं. ते मात्र त्यांनी उस्तादांना सांगितलं नाही.

उस्तादांचा तळवा बॉनेटवरून फिरू लागला. मग दिव्यांवरून. मग बंपरवरून, अगदी सावकाश, आजारी जनावराच्या अंगावरून फिरावा तसा. डाव्या कोपऱ्यावर तो थांबला...

रंगनाथराव पुढं वाकले.

“काही नाही,” उस्ताद म्हणाले. “चिखल आहे.”

“तेच तर सांगतोय मी मघापासून.” रंगनाथराव हसले. हसू जरा मोठंच झालं.

उस्तादांनी डावीकडचं दार उघडलं. सीटवर हात फिरवला. कापडी पिशवी लागली. त्यांनी ती चाचपली आणि आतला नारळ बाहेर काढला. शेंडीसकट, अख्खा.

“हा कुणाचा?”

“जाखाईचा.”

घाटाच्या मधल्या वळणावर, चढताना डाव्या हाताला जाखाईचं देऊळ आहे. गाडी थांबवायची, नारळ फोडायचा, मगच पुढं जायचं. ही रीत रंगनाथरावांना पहिल्याच दिवशी उस्तादांनी शिकवलेली. देऊळ इतकं रस्त्याला लागून, की पायरी उतरलं की डांबर. फुलवाल्या बाया तिथंच बसतात. खोबऱ्याच्या तुकड्यासाठी शाळेची पोरं तिथंच घुटमळतात.

“विसरलास?”

“विसरेन कसा? सकाळी तिच्यासाठीच तर घेतला...”

रंगनाथराव आठवू लागले. अलीकडचा पूल आठवला. पलीकडचा पाण्याचा हौदही आठवला. टेम्पोचा हॉर्न त्या दोन्हींच्या मधे कुठंतरी वाजला होता. पण भगवा झेंडा, पायऱ्या, फुलांच्या पाट्या...

त्यांनी गाडीच्या टपाला धरलं.

“उस्ताद... देऊळ आलंच नाही.”

चिंचेवर एक होला घुमत होता. तो थांबला.

उस्तादांनी तळवा पुढं केला. बराच वेळ तो तसाच राहिला, रिकामा. मग चावी त्यात पडली. उस्तादांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली.

“मग मी खाली जाऊ कसा?” रंगनाथरावांचा आवाज पहिल्या दिवशीच्या क्लीनरसारखा झाला होता.

“तीनची एसटी येईल. उजव्या खिडकीला बस.” उस्तादांनी नारळ त्यांच्या हातात दिला. “जाखाईला उतर. हा फोड. आणि मग तिला विचार... आई, मघाशी मी न बघता गेलो, तेव्हा तुझ्या दारात कोण कोण उभं होतं?”