पिठात लोळवणारी माणसं

एकदा काय झालं, एका अख्ख्या शहराला ताप चढला.

आता शहराला कसा चढेल? चढला माणसांनाच. पण इतक्यांना चढला, की शहरालाच चढला म्हणायचं. फार जुनी गोष्ट आहे, बरं का. रोमच्या बादशहाचं राज्य होतं, तेव्हाची. समुद्राकाठी ते शहर होतं. बंदरात गलबतं यायची. एके दिवशी धान्याचं गलबत लागलं आणि त्यातून तीन खलाशी उतरले. पहिला पायरीवरच बसला. दुसरा म्हणाला, "पाणी द्या." तिसऱ्याचे डोळे नुसते लाल झाले होते, निखाऱ्यासारखे. दिवस मावळायच्या आत तिघंही गेले.

मग तो ताप गल्लीत शिरला. मग घरात शिरला. सगळ्यात आधी कोण पळालं सांगा? वैद्य. ते गाढवांवर सामान लादून डोंगराकडे निघून गेले. मग देवळांचे पुजारी गेले. मग बाजार ओस पडला. भर दुपारी रस्त्यावर कुत्रं भुंकलं तरी लोक दचकायचे.

त्या शहराची एक रीत होती. ऐकायला वाईट आहे, पण सांगते. ज्याला ताप चढेल, त्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचं. जिवंत असतानाच, बरं का. मग दार लावायचं आणि उंबऱ्यावर राखेची रेघ ओढायची. त्यानंतर त्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. तो गेला, असं धरायचं. बाहेरून त्याने कितीही हाका मारल्या, तरी आपल्याला काही ऐकू आलं नाही, असं करायचं. आणि चुकून तो परत आलाच, तर तो आपला माणूस नव्हे. ते भूत.

घाबरलीस, एस्तेर? ये, अशी जवळ ये. पांघरूण घे.

तर त्या शहरात निकानोर नावाचा रंगारी होता. समुद्रातल्या गोगलगायींपासून तो जांभळा रंग काढायचा. त्याचे हात कोपरापर्यंत जांभळे, आणि अंगाला असा वास, की मांजर मागे लागायचं. त्याला एक बायको होती आणि एक मुलगी होती. मुलीचं नाव मेलिता. नऊ वर्षांची.

मेलिता हट्टी होती. तिने पेज खाल्ली नाही, की आई म्हणायची, "खा मुकाट्याने, नाहीतर येशूवाले नेतील!"

आता हे येशूवाले कोण? तर गल्लीच्या टोकाला थोडी माणसं राहायची. कुणी हमाल, कुणी दासी, कुणी विणकर. ती बादशहाच्या मूर्तीपुढे धूप जाळायची नाहीत. पहाटे उजाडायच्या आत एका घरात जमायची आणि दार लावून घ्यायची. मग आत काय करतात? मासळीबाजारात सगळे सांगायचे, "लहान मूल आणतात. पिठात लोळवतात. आणि खातात!" कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. पण सगळ्यांना ठाऊक होतं.

मेलिता त्या घरावरून जाताना डोळे मिटून पळायची.

आणि मग एके दिवशी मेलितालाच ताप चढला. अंग भाजायला लागलं. घसा सुजला. तिने आईला हाक मारली, तर आई भिंतीला पाठ लावून उभी राहिली, पदराचा बोळा तोंडात धरून. निकानोरने मुलीला उचललं. मेलिताला वाटलं, बाबा अंथरुणावर नेतायत. पण त्याने तिला दाराबाहेर, दगडावर ठेवलं. दार लागलं. आतून राख ओढल्याचा आवाज आला, खर्र, खर्र.

"बाबा!" मेलिता ओरडली.

आत कुणी बोललं नाही.

"बाबा, मी इथेच आहे!"

नाहीच बोललं कुणी. ऊन वर आलं. समोरच्या खिडक्या पटापट लागल्या. आणि मग तिला गल्लीच्या टोकाकडून दोन माणसं येताना दिसली. एक हा एवढा धिप्पाड, मोडक्या नाकाचा. आणि एक वाळलेली म्हातारी, हातात पाण्याचं मडकं. कोण असतील?

हो. तीच.

मेलिताने पळायचा प्रयत्न केला, पण पाय हलेनात. धिप्पाड माणसाने तिला खांद्यावर घेतलं, तशी ती त्याच्या दंडाला कडकडून चावली.

"आई गं!" तो म्हणाला. "त्रुफेनाकाकू, ही चावली मला!"

"चावली ना? मग जगेल," म्हातारी म्हणाली. "काल आणलेला तो शिंपी चावला असता तर किती बरं झालं असतं. चल हर्मास, ऊन लागतंय पोरीला."

हर्मास बंदरावरचा हमाल होता. त्याने तिला त्या घरात नेलं. त्याच घरात, बरं का. आत रांगेने चटया आणि चटयांवर माणसं. कुणी कण्हतंय, कुणी बडबडतंय. मेलिताला कोपऱ्यातली चटई दिली. तिने मान वळवली. समोर एक लाकडी परात होती. आणि परातीत हे एवढं पीठ.

'आता मला लोळवणार,' मेलिता मनात म्हणाली.

पण कुणी लोळवलं नाही. त्रुफेनाने तिच्या ओठाला ओलं फडकं लावलं. पाण्यात थोडा शिरका, म्हणजे आंबवलेला द्राक्षरस, घातलेला होता. मेलिताला वाटलं, आधी धुऊन घेतायत. मग जवाची पातळ पेज आली. मेलिताला वाटलं, जाड करतायत. तिने दात घट्ट आवळले. त्रुफेनाने काय करावं? तिने त्याच वाडग्यातून, त्याच चमच्याने एक घोट स्वतः घेतला. तापकऱ्याचा चमचा! घरी तर मेलिताचा पेलासुद्धा काठीने ढकलला होता.

मग दुसऱ्या दिवशी त्रुफेना सुरी घेऊन आली.

म्हातारी वाकली, सुरी जवळ आणली, आणि तिने मेलिताच्या केसांची एक बट कापली. मग दुसरी. घामाने केसांच्या जटा झाल्या होत्या, म्हणून.

"मला कधी खाणार?" मेलिताने विचारलं. विचारून टाकलं एकदाचं.

त्रुफेनाची सुरी थांबली. "हर्मास, ऐकलंस का? ही विचारतेय, कधी खाणार."

"हिला?" हर्मास पलीकडून म्हणाला. "नुसती हाडं आहेत. आणि रंगाऱ्याची पोर, वासाने मरू आपण."

मेलिताला हसू आलं आणि खोकलाही आला. पीठ भाकरीचं होतं, बरं का. दुसऱ्या कशाचं नव्हतं.

शेजारच्या चटईवर एक जाड बाई होती, कानात मोत्यांची कुडी. त्रुफेना तिची ओकारी पुसायची, तिला कुशीवर वळवायची.

"ही कोण?" मेलिताने विचारलं.

"माझी मालकीण. मी दासी आहे तिची. तिच्या मुलांनी तिला बाहेर ठेवली."

"ती तुला मारायची?"

"मारायची की. हात चांगला जड होता."

"मग तू तिला का आणलीस?"

त्रुफेनाने मालकिणीच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. मग ती म्हणाली, "हे बघ, आमचा येशू आजाऱ्यांना हात लावायचा. लांब उभा राहून बोलायचा नाही. मग आम्ही लांब कसं उभं राहायचं?"

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. रोज वाटते."

आणि भीती वाटायचंच कारण होतं. सहाव्या दिवशी हर्मासला ताप चढला. तोच, धिप्पाड. त्याला कुणी बाहेर ठेवलं नाही. सगळ्यांनी आळीपाळीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पण तो वाचला नाही, बाळांनो. मी खोटं कशाला सांगू? त्याला अंघोळ घातली, स्वच्छ कापडात गुंडाळलं, आणि भर सकाळी, सगळ्या बंद खिडक्यांसमोरून खांद्यावर नेलं. रडत होते, पण गात होते. आणि मोठ्याने त्याचं नाव घेत होते. "हर्मास! भेटू रे, हर्मास!" ज्या शहरात मेलेल्याचं नाव घ्यायची चोरी, तिथे!

मेलिता दारात उभी राहून ऐकत होती. तिचा ताप उतरला होता. तिच्या मनात आलं, माझं नाव घरी कुणी घेत असेल का?

मग ती घरी निघाली. आता ऐका हं, इथेच खरी भीती आहे.

दाराखालच्या फटीतून उंबऱ्यावरची राखेची रेघ तशीच दिसत होती. मेलिताने दार वाजवलं. "आई, मी आलेय."

आतून आईची किंकाळी आली. "जा! जा इथून! आमची मुलगी गेली. तू ती नाहीस."

"आई, मी बरी झाले."

"भूत आहेस तू! त्यांना न्यायला आलीस. काल ताप चढलाय त्यांना. मी बाहेर ठेवणार होते, पण उचलवत नाहीत मला. जा गं बाई, जा!" आणि आई रडायला लागली.

म्हणजे निकानोर आत तापाने पडला होता. आणि त्याला पाणीसुद्धा कुणी देत नव्हतं.

काय म्हणालीस, एस्तेर? मेलिताला राग नाही आला? आला की. खूप आला. ती तशीच मागे फिरली, त्रुफेनाकडे गेली आणि म्हणाली, "मी नाही जायची परत. त्यांनी मला टाकलं."

"नको जाऊस," त्रुफेना म्हणाली. "मी जाते." आणि ती मडकं शोधायला लागली. म्हातारी दोन रात्री झोपली नव्हती. मडकं तिच्यासमोरच होतं आणि तिला दिसत नव्हतं.

मेलिताने ते उचललं. "तुला ताप येईल," ती रागानेच म्हणाली. "मला आता येत नाही. ज्याला एकदा येतो, त्याला परत येत नाही, तूच म्हणालीस."

मग ती एकटी गेली. दारासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मी मेलिता."

आतून काहीतरी सरपटत येतंय, असा आवाज. आई ओरडतेय, "उघडू नका हो! उघडू नका!" अडसर निघाला. दार फटीएवढं उघडलं. निकानोर जमिनीवर होता, हातांवर रांगत आलेला. डोळे लाल.

तो म्हणाला, "मेलिता, न्यायला आलीस ना मला? ने. मी तुला बाहेर ठेवलं. ने मला."

त्याने डोळे मिटले आणि मान पुढे केली. भूत आता गळा धरणार, अशी वाट बघत.

आणि भुताने काय केलं? राखेच्या रेघेवर पाय दिला, आत आलं, खाली बसलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि त्याला पाणी पाजलं. एक घोट. मग थांबून दुसरा.

"हळू प्या, बाबा," मेलिता म्हणाली. "घसा दुखतो. मला माहीत आहे."

तो रडला, तर अश्रूसुद्धा नीट येईनात, इतका सुकला होता. मग आई भिंतीपासून हलली. एक पाऊल. मग आणखी एक. तिने हात पुढे करून मेलिताच्या कापलेल्या केसांना लावला. केस खरे होते.

निकानोर वाचला. औषध नव्हतंच कुणाकडे, पण पाणी आणि पेज मिळाली, की कितीतरी माणसं वाचतात, बरं का. समोरच्या खिडक्यांतून लोक बघत होते. तिसऱ्या दिवशी समोरच्या बाईने ताप चढलेल्या नवऱ्याला बाहेर न ठेवता खिडकीतून विचारलं, "निकानोर, ती पेज कशी करायची रे?" मग आणखी एकीने विचारलं. आणि मग लोक त्या टोकाच्या घरात जाऊन विचारायला लागले, "तुमचा येशू कोण, ते सांगा." मालकीणबाई दासीशेजारी बसून ऐकायची. ऐकलेलं खलाशांनी पुढच्या बंदरात नेलं, आणि तिथून पुढच्या. हे पसरवायला कुणी सैन्य पाठवलं नाही. पुढे, धूप जाळत नाहीत म्हणून बादशहाचे शिपाई आले, त्रास झाला, माणसं भ्यालीसुद्धा. पण आजाऱ्यापाशी बसणं कुणी सोडलं नाही.

मेलिता मोठी झाली, म्हातारी झाली. त्या गल्लीत सगळे एकमेकांना नावाने हाक मारत राहिले आणि सुखाने जगले.

चला, झाली गोष्ट. नाही गं, दार मी लावलंय, भूतबीत काही नाही. हात दे इकडे. तू झोपेपर्यंत मी इथेच बसलेय.