सोनकीचं कपाळ आणि फणसातली परी

बसलात का सगळी मांडी घालून? मग सांगते.

निळ्या खाडीच्या काठी एक इवलीशी वाडी होती. तिथे आमच्या कुंपणाला लागूनच सोनकीचं घर. घर कसलं, झावळ्यांची खोपटी! पाऊस आला की आत टपटप आणि ऊन आलं की भुईवर सोन्याच्या टिकल्याच टिकल्या. सोनकीला बाबा नव्हते. आई होती, हौसा.

हौसाचं काम मोठं गोड. कुणाकडे बाळ झालं की ती न्हाऊ घालायला जायची. पाय लांब पसरून बसायची, पायांवर बाळाला घ्यायची, कोमट तेलाने चोळायची. मग डाळीचं पीठ, हळद आणि साय कालवून मऊमऊ गोळा करायची आणि बाळाच्या कपाळावरून हलकेच फिरवायची. तान्ह्या बाळांच्या कपाळावर रेशमासारखी लव असते ना, ती निघावी म्हणून. बाळं अशी गुंगायची की अंगावर पाणी पडलं तरी जांभया द्यायची. त्याचे तांदूळ मिळायचे, नारळ मिळायचे. त्यावर दोघींची चूल पेटायची.

आणि सोनकी? डोळे करवंदासारखे काळेभोर, गालाला एवढुशी खळी. आणि कपाळ मात्र मोठ्ठं! भुवयांच्या वर सुरू व्हायचं ते संपायचं नावच घ्यायचं नाही. केस बिचारे दूर मागे उभे, जत्रेत उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखे.

त्या कपाळाबद्दल सगळ्यांना काहीतरी म्हणायचं असायचंच. कुणी म्हणे विद्येचं कपाळ, कुणी म्हणे राणीचं. पोरं ओरडायची, "पोळपाट आला, पोळपाट!" सोनकी हसायची. म्हणायची, "या, पोळी लाटून देते."

पण एके दिवशी तिचं हसू पळालं. त्याचं असं झालं, मथुरामावशींच्या घरी नात झाली. गुलाबी, लोण्याचा गोळाच जणू. हौसा तेलाची वाटी आणि सोनकीला घेऊन गेली, तर ओटीवर पारूकाकू आधीच पाय हलवत बसलेल्या.

"मथुरावैनी," पारूकाकू म्हणाल्या, "हिच्या हातात नात देताय? अहो, हिच्या पोरीचं कपाळ बघा! लव काढता काढता हिने केसच काढून टाकले. तुमच्या नातीचं तसंच झालं तर उद्या तिला पसंत कोण करणार?"

मथुरामावशींनी सोनकीच्या कपाळाकडे नीट पाहिलं. मग नातीकडे पाहिलं. "हौसे," त्या म्हणाल्या, "राहू दे ग. आमचं आम्ही बघू."

झालं! वाडीत बोलणं पसरायला किती वेळ लागतो? ज्या त्या दारातून हौसाला "राहू दे" ऐकू येऊ लागलं. मडक्यातले तांदूळ तळाला गेले. हौसा सोनकीला भात वाढायची आणि आपण नुसती पेज प्यायची. "मला आज भूकच नाही बघ," म्हणायची. सोनकीला काय कळत नव्हतं? ती पाण्यात आपलं कपाळ बघायची आणि म्हणायची, "तुझ्यामुळे, सगळं तुझ्यामुळे!"

एका सकाळी कपाळावर केस यावेत म्हणून चोळायला ती तेलाची वाटी घेऊन ओढ्यापलीकडच्या बागेत जाऊन बसली. वाटीत तळाशी थोडंसं तेल उरलेलं. बाग कशी होती म्हणून सांगू! लालचुटूक जास्वंदी, जांभळी गोकर्ण, पिवळीधमक शेवंती, आणि मधोमध भलामोठा फणस. तिथून बारीक आवाज आला, "अगं, कुणी आहे का? सोडवा ना मला!"

फणसाच्या चिकात एक परी अडकली होती! बोटभर उंचीची, मोरपंखी झगा, पंख चतुरासारखे झिळमिळ झिळमिळ. पण एक पंख चिकात पक्का रुतलेला.

"ओढू नको ग, फाटेल!" सोनकी म्हणाली. फणसाचा चीक तेलानेच सुटतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आता वाटीतलं तेल म्हणजे घरातलं शेवटचं तेल. पण सोनकीने बोट बुडवलं आणि थेंब थेंब करत ते सगळं त्या इवल्याशा पंखावर सोडलं. आई बाळांना चोळते ना, तसं अगदी अलगद. पंख सुटला. परीने गिरकी घेतली आणि हवेत चांदीचा भुगा उडाला.

"माग," परी म्हणाली, "काय हवं ते माग. पण नीट ऐक हं. नवं मागितलंस की जुनं मोडेल. स्वतःसाठी मागशील तोवर मी या बागेत आहे. दुसऱ्या कुणासाठी मागितलंस, तर ते कायमचं टिकेल. पण मग मला जावं लागेल, आणि तू स्वतःसाठी मागितलेलं सगळं माझ्याबरोबर जाईल."

"माझं कपाळ छोटं कर," सोनकी पटकन म्हणाली.

परीने फुंकर मारली. सोनकीचे केस गुदगुल्या करत सरसर खाली आले, थेट भुवयांजवळ!

सोनकी धावतच आईला घेऊन मथुरामावशींकडे गेली. मावशींनी डोळे बारीक केले. "केस वेगळे विंचरलेस का ग? पण हे काय, कपाळ आहे की चिंचोका? कुंकू लावायचं कुठे हिने, नाकावर? नको बाई, माझ्या नातीचं असं नको."

सोनकी पुन्हा बागेत. "परीताई, चुकलं. मोठंही नको, छोटंही नको. मधलं दे."

परी खुदकन हसली आणि तिने पुन्हा फुंकर मारली. केस थोडे मागे सरले आणि मधोमध थांबले.

सोनकीने आईला पुन्हा तिकडे ओढत नेलं. या वेळी मथुरामावशींनी मान इकडून तिकडे करून पाहिलं. "हं! आता कसं माणसासारखं दिसतंय. हौसे, उद्यापासून ये हो न्हाऊ घालायला."

उद्यापासून! हौसाचे डोळे भरून आले. घरी येताना ती इतकी भराभर चालत होती की सोनकीला तिच्यामागे उड्या माराव्या लागल्या.

पण मथुरामावशींना उद्यापर्यंत दम कुठला! कपाळ छोटंही नको आणि मोठंही नको, तर आपणच जरा बेताने चोळावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. पीठ घेतलं जाडंभरडं, साय घालायची विसरल्या, आणि लागल्या घासायला, तांब्याची कळशी घासतात तशा! बाळ जे रडायला लागलं ते थांबेचना. कपाळ लालबुंद झालं. दूध घेईना, झोपेना. संध्याकाळी रडून रडून आवाज बसला, नुसती हुंदक्यांची बारीक किरकिर उरली. बाळाची आई पाळण्याशी बसून डोळे पुसत होती.

सोनकी मथुरामावशींच्या कुंपणाबाहेर उभी होती. तिने ती किरकिर ऐकली आणि कुंपण धरून ती तिथेच थांबली. आपण परीकडे मागितलं तर बाळ बरं होईल. पण मग? मग पुन्हा ते मोठ्ठं कपाळ. पुन्हा "राहू दे". आईची पुन्हा नुसती पेज. एक रात्र थांबावं का? उद्या आई येईलच की...

आतून पुन्हा हुंदका आला. सोनकी वळली आणि बागेकडे सुसाट पळाली.

"परीताई, त्या बाळाच्या कपाळाची आग थांबव!"

"सोनकी, तुझं कपाळ परत मोठं होईल. आणि मी जाईन. चालेल?"

सोनकीने कपाळावरून एकदा हात फिरवला. "चालेल. पण लवकर चल ग, ते फार रडतंय."

परी उडाली. मागून सोनकी धावली, आणि धावता धावताच तिचे केस मागे मागे सरकत गेले. खिडकीतून परी आत शिरली आणि पाळण्यावर भिरभिरली. तिच्या पंखांतून दवासारखा गारगार उजेड पाझरला, आधी गुलाबी, मग मोतिया. कपाळाची लाली पुसल्यासारखी गेली. बाळाने एक लांब श्वास घेतला, मूठ चोखली, आणि आईला बिलगून चुटूचुटू दूध प्यायला लागलं.

घरात कशी शांतता झाली! सगळ्यांचेच श्वास मोकळे झाले.

आणि दारात उभी सोनकी. धापा टाकणारी, आणि कपाळ पहिल्यासारखं, भलंमोठं. आता ओरडा बसणार म्हणून तिने डोळे मिटून घेतले. मागोमाग हौसा आली, आणि पारूकाकू तर काय, येणारच!

"बघा, बघा, पुन्हा तेवढंच झालं!" पारूकाकू म्हणाल्या. "मी सांगत नव्हते?"

मथुरामावशी खाली वाकून नातीचं कपाळ बघत होत्या. अगदी जवळून, बोट फिरवून. मग त्या सावकाश म्हणाल्या, "पारू, गप बस जरा. मी आज एवढं घासलं. पोरीची सालटी निघायची बाकी होती. पण केस? एक केस इकडचा तिकडे झाला नाही बघ. चोळून कपाळ मोठं होत असतं, तर हे आज परातीएवढं झालं असतं!"

पारूकाकू हळूच दाराकडे सरकल्या.

"माझंच चुकलं, हौसे," मावशी म्हणाल्या. "तुझे हात मऊ आहेत ग. माझ्या नातीला आता तुझ्याशिवाय कुणाकडे देणार नाही. आणि तू ग, सोनकी? तुझं कपाळ देवाने जसं घडवलं तसं. इकडे ये."

त्यांनी सोनकीला जवळ ओढलं आणि कपाळाच्या बरोबर मध्यावर टपोरं, लालभडक कुंकू लावलं. एवढ्या मोकळ्या जागेत ते असं शोभलं, की हौसा बघतच राहिली.

पाळण्यावर परी अजून भिरभिरत होती. ती फक्त सोनकीला दिसत होती. परीने ओठांवर बोट ठेवलं, हसली, आणि तिच्या अंगातून उजेड फुटला. मोरपंखी, केशरी, सोनेरी, पांढराशुभ्र! खोलीभर क्षणभर चांदणं झालं. उजेड विरला तेव्हा पाळण्याची दोरी तेवढी हळूहळू हलत होती.

त्या संध्याकाळी मथुरामावशींनी हौसाच्या पदरात नारळ घातला आणि सूपभर तांदूळ दिले. आमच्या कुंपणापर्यंत ताज्या भाताचा वास आला. मी डोकावून पाहिलं, तर मायलेकी एका ताटात जेवत होत्या, आणि हौसा दुसऱ्यांदा भात वाढून घेत होती.

त्यांची पोटं भरली, माझी गोष्ट सरली. आता तुम्हीही निजा बघू.